पंधरा दिवसांचा ठराव

कोणी बोलायला हात वर केला आणि तुम्ही त्याला तो खाली घ्यायला लावला, असं तुमच्या हातून कधी झालं आहे का? घाईने नाही म्हणू नका. मीही बरीच वर्षं नाहीच म्हणत होते.

बी.एड.साठी पुण्याला जायला मी दर्यापूर सोडलं त्या सकाळी स्टँडवर मला पोचवायला तीन माणसं होती. आईने जवसाच्या चटणीचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळून दिला होता, तरी तेल बाहेर येतच होतं. बाबांनी छापखान्यात पत्रकं कापून उरलेल्या रंगीत कागदांचा गठ्ठा सुतळीने बांधून आणला होता. गुलाबी, पिवळे, हिरवे. म्हणाले, "एका बाजूनं कोरे हायेत. वाया नोको घालू." आणि तिसरे जमीर सर, सायकल खांबाला टेकवून उभे. सातवीत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट वही माझ्या हातात दिली. कागद न सोडताच मला कळलं ती कसली आहे.

"यातलं एक पान अजून उघडं हाय, क्रांती," ते म्हणाले. "तुह्याच अक्षरात."

अकोल्याची एसटी सुटली. आई खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "तिकडं लई बोलू नोको. पोचली का फोन करजो." बाबांनी गठ्ठा खिडकीतून आत सरकवला. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना बोला म्हणून पत्रकं छापली, त्याने त्या दिवशी मला फक्त कोरे कागद दिले. अकोल्यात मी पुण्याची गाडी पकडली, आणि ती वही ट्रंकेच्या तळाशी गेली.

हे मी आपल्या सातवी 'ब'च्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. जे राहिले त्यांच्यासाठी आणि जे सुरतेला, चाकणला, शारजाला गेले त्यांच्यासाठीही. बाकीच्यांनी वाचलं तर चांगलंच, कारण ही गोष्ट फक्त आपली असेल असं मला वाटत नाही.

बाहेरच्यांना आपला मुलूख सांगावा लागेल. वऱ्हाडातल्या दर्यापूरची काळी जमीन कापसाला चांगली, पण जमिनीखालचं पाणी खारं. या पट्ट्याला खारपाणपट्टाच म्हणतात. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आई डाळीपुरतं नळाचं पाणी वेगळ्या हंड्यात झाकून ठेवायची आणि त्या हंड्याला आम्ही हात लावला तर ओरडायची. पुण्यात पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या न्हाणीघरात मी नेहमीसारखा मूठभर साबण डोक्याला चोळला. फेस काही जाईना. बाहेर मुली थांबलेल्या, दार वाजवणाऱ्या, आणि मी आत फेसाशी झगडत रडत होते. त्यांना वाटलं असेल घरची आठवण येते आहे. आठवण येतच होती, पण रडू आलं ते रागाने. इतकं गोड पाणी, आणि ते गटारात चाललेलं.

पहिलं वर्ष मी फार कमी बोलले. "मले" तोंडातून गेलं की वर्गात हलकं हसू फुटायचं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण प्रत्येक वाक्याआधी जीभ तपासायची सवय लागली की माणूस आपोआप गप्प होतो. रविवारी दुपारी खोलीतल्या मुली आपापल्या गावी गेलेल्या असायच्या. मी बाबांच्या रंगीत कागदांवर काहीतरी लिहायची आणि मोठ्याने वाचायची, माझाच आवाज ऐकायला. ते वाचताना वऱ्हाडीत वाचायची. ऐकणारं कोणी नसलं की काहीही बोलता येतं.

बी.एड.च्या वर्गात शिक्षणाचं तत्त्वज्ञान होतं. आदर्शवाद, निसर्गवाद, मग फलप्रामाण्यवाद. प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिलं: विचार खरा की खोटा हे तो वापरल्यावर काय होतं त्यावरून ठरवावं. शाळा ही जीवनाची तयारी नसून जीवनच आहे. लोकशाही ही राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे. आजूबाजूच्या मुली उतरवून घेत होत्या, पाच मार्कांचा प्रश्न हमखास येतो म्हणून. मी पेन खाली ठेवून बसले होते. हे मी टाटपट्टीवर बसून शिकले होते, बाराव्या वर्षी, एका कल्हईवाल्याच्या मुलाकडून. आणि त्याच्या परीक्षेत मी तेव्हाच नापास झाले होते.

जमीर सरांचे वडील अकोल्यात भांड्यांना कल्हई करायचे. भांडं आलं की ते आधी बोटाच्या पेराने ठोकून पाहायचे, आवाजावरून चीर कळते म्हणून. सरांना तीच सवय. वर्गात कोणी छातीठोक उत्तर दिलं की ते चूक-बरोबर काही म्हणायचे नाहीत. बाकावर टकटक करायचे. म्हणजे, दाखव. पेरायचं असेल तर पेरून, मोजायचं असेल तर मोजून.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास सभेचे. आपण बाकं सरकवून टाटपट्टीवर गोल बसायचो, सरही आपल्यात. झाडू कोणी मारायचा, बाकं कशी लावायची, मागच्या पडीक पट्टीत वाफे करायचे का, सगळं सभेत ठरायचं. सर म्हणत, मोठं झाल्यावर लोकशाहीत राहाल म्हणून हे नाही, आजपासूनच राहा. सभेच्या वहीच्या पहिल्या पानावर आपणच केलेले नियम होते. ज्याला बोलायचं त्याने हात वर करायचा. जो हजर नाही त्याच्याबद्दल काही ठरवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा, सरांच्या आग्रहाचा: कुठलाही ठराव पंधरा दिवसांपुरताच. पंधरा दिवसांनी त्याने काय केलं ते पाहायचं, जमलं तर ठेवायचं, नाहीतर काट मारायची. मी सभेची चिटणीस होते. अक्षर चांगलं, आणि छापखान्याची मुलगी.

छापखान्याबद्दल थोडं. बाबांचं पायाने चालवायचं मशीन स्टँडच्या मागे होतं. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, उलटी. कापसाच्या भावाची पत्रकं, लोडशेडिंगची, धरणाच्या पाण्याची. ज्याच्याकडे मागणी होती आणि छापायला कोणी नव्हतं तो बाबांकडे यायचा. माझं नावसुद्धा एखाद्या पत्रकाच्या मथळ्यासारखं. मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आली, तुम्हाला माहीत आहेत ती. मागण्यांची पत्रकं कमी झाली आणि तेरवीची कार्डं वाढली. एका आठवड्यात एकाच गावची दोन. बाबांनी 'दुःखद निधन' हे शब्द जुळवलेलेच ठेवले होते, दर वेळी खिळे सोडून पुन्हा जुळवायला नकोत म्हणून. मी ते पाहिलं आणि ठरवलं की आपण मागायचं थांबवायचं नाही. सातवीत मी माझं पहिलं पत्रक लिहिलं: 'आमच्या शाळेला पाणी द्या!!!' शेवटी तीन उद्गारचिन्हं. बाबांनी एक काढून टाकलं, दोन ठेवली. आपण ते बाजारात वाटलं.

आणि बोअर मिळाली! माझ्या पत्रकाने मिळाली की निवडणूक जवळ होती म्हणून मिळाली, देव जाणे. पण शाळेच्या मागे मशीन आलं, चिखल उडाला, हापशी बसली आणि पाणी आलं. त्या दिवशी मी जमिनीवर चालत नव्हते.

आता सरू.

सरस्वती तिचं नाव, सगळ्यांसाठी सरू. तिचे वडील गावाबाहेर दुसऱ्याच्या विहिरीवर जमीन ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरावीक पैशांवर घेऊन शेवंती, झेंडू, पालक लावायचे. ती माझ्या शेजारी बसायची. माझ्या डब्यातली चटणी तिची, तिच्या डब्यातली भाजी माझी. शाळेत येताना केसांत कधी फूल नसायचं तिच्या. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "इकाचे असतात ते."

बोअर लागली त्या शनिवारी सभेत विषय एकच. मागच्या वाफ्यांत टमाटर आणि वांगी लावायची, बोअरचं पाणी द्यायचं, आणि पिण्यालाही तेच घ्यायचं. सर म्हणाले, पाणी कसं आहे ते आधी पाहा. आपण सगळे रांगेने हापशीवर जाऊन ओंजळीने प्यायलो. गोड, गोड, सगळे म्हणाले. आपल्या जिभा खाऱ्यावर वाढलेल्या. थोडं कमी खारं लागलं की आपण त्याला गोड म्हणायचो. आणि गोड असायला हवं होतं. आम्ही मागितलेलं पाणी होतं ते.

सरूने हात वर केला. म्हणाली, खारं आहे. माणसाच्या जिभेवर जाऊ नका, झाडाला विचारा. एका वाफ्याला हे पाणी द्या, एकाला टँकरचं, पंधरा दिवस. मग ठरवा.

आज मी शिक्षिका आहे, आणि त्या वयाच्या मुलाच्या तोंडून याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. सर वर्षभर जे शिकवत होते ते एकटीला कळलं होतं. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की माझं पत्रक खोटं आहे. मी उभी राहिले. गावाने इतकी वर्षं सोसलं, पहिल्यांदा काही मिळालं, आणि आपल्यातलेच लोक त्यात खोट काढतात. पत्रकात असतं तसंच बोलले. टाळ्या पडल्या. मग मीच ठराव मांडला: बोअरचं पाणी गोड आहे. हात वर झाले. सगळे. एक सोडून.

आपण पाण्याच्या चवीवर मतदान केलं. हे लिहितानाही कान गरम होतात.

सरू बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमच्या हातानं पानी गोड होते काय?"

फिरोज हसला. मग आणखी दोघं. ते हसू मला सहन झालं नाही. मी दुसरा ठराव मांडला: बहुमताचा अपमान केल्याबद्दल सरस्वतीने पंधरा दिवस सभेत बोलायचं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. कारण विचारलं, मी दिलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा दिलं, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात. त्यांनी बाकावर टकटक केली नाही. पुन्हा सगळ्यांचे वर झालेले हात मोजले आणि मला म्हणाले, लिही.

पुढच्या शनिवारी सभेत तिने हात वर केला. सरळ, कोपरात न वाकवता. मला वाटलं, पाण्याचंच काढेल. मी वहीतून वर न बघता म्हणाले, "ठराव आहे." हात थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली गेला. मी नोंद केली. सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. ठोक्याच्या विहिरीला पाणी राहिलं नव्हतं आणि ते सगळे बिऱ्हाड उचलून अकोल्याकडे गेले, असं आईला बाजारात कळलं.

पंधरावा दिवस आला तेव्हा रोपांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. वाफ्यावर पांढरा थर, पीठ सांडल्यासारखा. सरांनी स्टीलच्या दोन ताटल्या आणल्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत टँकरचं, आणि उन्हात ठेवल्या. शाळा सुटेपर्यंत एक ताटली जवळजवळ स्वच्छ, दुसरीत पांढरा लेप. पहिल्या ठरावावर काट मारली. दुसऱ्यावरही मारायला मी पेन टेकवलं, तर सरांनी माझा हात धरला. ती हजर नव्हती. हजर नसलेल्याबद्दल काही ठरवायचं नाही हा आपलाच नियम. तो पाळला नसता तर आपण पुन्हा एकदा तिच्यामागे तिच्याबद्दल ठरवलं असतं, या वेळी स्वतःला बरं वाटावं म्हणून.

ते पान उघडं राहिलं.

पुण्यात मला नोकरी मिळाली ती याच गोष्टीवर. शाळा मोठी, प्रयोगशील म्हणवणारी, पालक गाड्यांतून येणारे. मुलाखतीत विचारलं, शिक्षणाकडे कशा वळलात? मी सभेची गोष्ट सांगितली. गोल बसणं, पंधरा दिवसांचे ठराव, बाकावरची टकटक. ताटल्यांचा प्रयोगही सांगितला. समोरचे तिघे भारावून गेले. सरूचं नाव मी घेतलं नाही. मग ती गोष्ट शिक्षकांच्या कार्यशाळेत सांगितली, एका मासिकात लिहिली. सरूशिवाय ती इतकी छान बसायची. एक खेडवळ सर, खारं पाणी, मुलं चुकतात आणि शिकतात. सगळे शिकतात. ज्या मुलीच्या जिवावर शिकले ती कुठे गेली हे कोणी विचारत नाही, कारण ती गोष्टीत नाहीच.

आमच्या शाळेत सोमवारी 'सर्कल टाइम' असतो. मुलं पडद्यांचा रंग ठरवतात. हसू नका, मीही आधी हसले. गेल्या वर्षी चौथीच्या मुलांनी मत घेतलं की ओवी नावाच्या मुलीने नाटकात नसावं, कारण ती वाद घालते. हात भराभर वर गेले. मी मधे पडले. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातल्या मॅम बघायला आल्या. नंतर एका मुलाने शांतपणे विचारलं, "मिस, तुमच्या शाळेत कोणी असं करायचं का?" मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे सगळ्यांचं ऐकून घ्यायचे."

त्या संध्याकाळी ट्रंकेतून वही काढली. सरांच्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा झाला होता. दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीत मी अकोल्यात गाडी बदलली होती. एसटी मिळेपर्यंत तास तास चहा पीत बसले होते. आणि कधीही स्टँडच्या बाहेर पडून कोणाला विचारलं नव्हतं, की फुलवाले माळी कोणत्या बाजूला राहतात.

मधल्या काळात फिरोजने शारजात बसून आपला व्हॉट्सॲप ग्रुप केला. एक एक सापडत गेले. त्याचा मामेभाऊ अकोल्यात. त्याला एका रोपवाटिकेत सरू सापडली, आणि ती ग्रुपवर आली. सगळ्यांनी फुलं टाकली, हात जोडले. तिने काही लिहिलं नाही. मे उजाडेपर्यंत चार महिने झाले, एक अक्षर नाही. फिरोज म्हणाला, लाजाळू आहे. मला वाटतं, आपल्यातल्या काहींना तेव्हाच कळलं होतं. तेही गप्प राहिले.

गेल्या मे महिन्यात मी अकोल्यात उतरले आणि स्टँडच्या बाहेर पडले.

शहर संपतं तिथे हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे. मिरची, वांगी, झेंडू. सरू नळीने पाणी मारत होती. मला पाहून तिने नळी बंद केली नाही, एक रांग पुरी केली. मग आत जाऊन पाण्याचा गिलास आणला. मी प्यायले. ती बघत होती.

"सांग, गोड हाय का खारं?"

मी गिलासाकडे पाहिलं. माझ्या जिभेवर आता पुण्याचं पाणी होतं, आणि त्याखाली दर्यापूरचं, आणि मला खरोखर कळत नव्हतं. मी म्हणाले, "मले नाई सांगता येत."

"चाल, काहीतरी शिकली," ती म्हणाली, आणि हसली. गालात तीच खळी.

तिने मला पोरं दाखवली, दोन, दोघंही शाळेत. नवऱ्याने नवा टेम्पो घेतलेला. तिची शाळा सातवीतच सुटली. अकोल्यात आल्यावर नाव घालायचं राहून गेलं, मग राहिलंच. ती हे रडून सांगत नव्हती. रोपं आली की नाही आली सांगावं तसं सांगत होती. मी वही काढली. ते पान तिच्यासमोर धरलं. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं. ठरावाखाली, पुढच्या शनिवारच्या तारखेला, माझ्या सुबक अक्षरात: 'सरस्वती: हात वर. ठरावामुळे बोलू दिले नाही.'

मी विचारलं, त्या दिवशी पाण्याचंच बोलणार होतीस ना?

"पान्याचं?" तिला आश्चर्य वाटलं. "नाई वं. मले फक्त सांगाचं होतं का आमी गाव सोडून जाऊन राहिलो."

तिने नळी उचलून पुढची रांग भिजवायला घेतली.

मी माफी मागितली. पुण्याहून पाठ करून आणली होती, ती सगळी विसरले, जशी आली तशी मागितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुह्या एकटीच्या माफीनं काय होते? हात तं सगळ्याइनं वर केले होते. मी त्या गुरुपात काहून बोलू? ठराव हाय ना माह्यावर."

थट्टा होती की नाही, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

परतताना जमीर सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन अकोल्यातच, भावाजवळ राहतात. सरूने काय सांगितलं ते ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, ताटली तर पहिल्या दिवशीही उन्हात ठेवता आली असती. मी मुद्दाम थांबलो. पोट्ट्यांनी स्वतः चुकावं, स्वतः सुधरावं, असं वाटलं. माझा हेतू वाईट नव्हता. मग म्हणाले, "पन पंधरा दिवस तिच्याजवळ हायेत का नाई, हे मी पाह्यलंच नाई."

हे वाक्य मी माझ्या वर्गाच्या भिंतीवर लावलेलं नाही. भिंतीवर लावलेलं कोणी वाचत नाही. पण माझ्या सगळ्या शिकवण्याच्या खाली आता ते आहे. करून पाहा, चुका, सुधारा, असं आपण म्हणतो ते खरंच आहे. दुसरा रस्ता मला माहीत नाही. पण करून पाहण्याची किंमत ज्याच्या अंगावर पडते तो सुधारण्याच्या दिवशी हजर असेल, हे कोण बघणार? त्या वर्षांत आपल्या मुलखात किती जणांना पंधरा दिवस नव्हते, ते आमच्या छापखान्यातल्या जुळवून ठेवलेल्या दोन शब्दांना विचारा. वरून ठराव व्हायचे, हे बियाणं चांगलं, ही योजना चांगली, आणि पुढच्या हंगामात पाहू म्हणायचे. त्यांच्यावर मी पत्रकं लिहिली, अजून लिहीन. पण तसाच एक ठराव मी बाराव्या वर्षी टाटपट्टीवर बसून केला होता, हे लिहायला त्या रंगीत कागदांपैकी एकही मी वापरला नव्हता. आज वापरते आहे. हे सगळं गुलाबी कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आहे.

पुण्यात लोक विचारतात, घर कुठे? मी दर्यापूर म्हणते. ते विचारतात, तिथे कोण कोण असतं? आईबाबा, मी म्हणते. खरं म्हणजे तिथे माझी एक चूक असते, आणि ती चूक तोंडावर सांगू शकणारी माणसं. इथे मला सगळे 'मिस' म्हणतात, माझं सगळं बरोबर असतं, आणि म्हणूनच मी इतकी एकटी आहे. जिथे कोणी बसल्या जागेवरून म्हणेल, तुमच्या हाताने पाणी गोड होतं काय, ते माझं घर. त्या घरातून मी निघण्याच्या कितीतरी आधी मीच एकीला बाहेर काढलं होतं.

म्हणून मागणं आहे. छापखान्याच्या मुलीचं, पण यात एकही उद्गारचिन्ह नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शाळेच्या मागे, हापशीजवळ या. दिवाळीत तुम्ही गावी येताच. फिरोज, तूही रजा टाक. जमीर सर येतील म्हणाले. सरूला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, किती येतील? तिने सांगितलं आहे की जितके हात तेव्हा वर होते तितके दिसले तर ती जाळीबाहेर निघेल, नाहीतर तिला कामं आहेत. तिचं बरोबर आहे. एकही कमी पडून चालणार नाही.

येताना आता जिथे राहता तिथल्या पाण्याची एक बाटली आणा. सुरतेचं, चाकणचं, शारजाचं. एका रांगेत ठेवू. या वेळी मतदान आधी नाही. आधी चाखू, ताटल्या उन्हात ठेवू, आणि पाणी वाळेपर्यंत गोल बसून राहू. वही मी आणते. तेवढ्या वेळात सरूला काही बोलायचं असलं तर ती हात वर करेल. तेव्हा आपले सगळ्यांचे हात खाली असू द्या.